जन्मापूर्वीची शिदोरी

छत्तीसगडला लोक कौतुकाने धानाचा कटोरा म्हणतात. आणि जेथे धान, तेथे उंदीर हे ओघानेच आले. रायपूरच्या परिसरातील एखाद्या शेतकऱ्यास विचाराल, तर उंदराविषयी चांगला शब्द त्याच्या तोंडून निघणे कठीण. गणपतीच्या पायाशी बसलेला मूषक तेवढा वंद्य, बाकीचे सारे पिंजऱ्यात घालावयाच्या लायकीचे, असाच आपणा सर्वांचा भाव असतो. परंतु वाचकहो, आज या सदरात आपण ज्या उंदराची ओळख करून घेणार आहोत तो कोठारातला नव्हे, प्रयोगशाळेतला आहे. मातेच्या उदरात मूत्रपिंड कसे घडते, याविषयी आज वैद्यकास जे ठाऊक आहे त्याचा फार मोठा भाग या एवढ्याशा प्राण्याच्या गर्भाकडे पाहून मिळालेला आहे.

हा विषय निवडण्यास निमित्तही तसेच आहे. रायपूरपासून सुमारे दोनशे किलोमीटरांवर, ओडिशाच्या सीमेलगत, गरियाबंद जिल्ह्याच्या देवभोग भागात सुपेबेडा नावाचे एक लहानसे गाव आहे. गेल्या दोन दशकांत या गावात मूत्रपिंडाच्या विकाराने इतके मृत्यू झाले की गावाचे नावच त्या विकाराशी जोडले गेले. पाण्यातील फ्लोराइड, जमिनीतील जड धातू यांकडे तपास वळला, रायपूरच्या टाटीबंध भागातील एम्समधून तज्ज्ञ गावात जाऊन आले, रुग्णही उपचारांसाठी रायपुरास आणले गेले. सुपेबेड्याचे दुःख हा स्वतंत्र विषय आहे आणि आजच्या लेखाने त्याचा उलगडा होणार नाही. पण त्या बातम्या वाचताना घरोघरी जो प्रश्न विचारला गेला तो मात्र आपल्या विषयाचाच आहे. एकच पाणी प्यालेल्या, एकच अन्न खाल्लेल्या दोन माणसांपैकी एकाचे मूत्रपिंड लवकर का थकते आणि दुसऱ्याचे का टिकते? या प्रश्नाला अनेक उत्तरे आहेत. त्यांतील एक उत्तर जन्मापूर्वीच्या काळात दडलेले आहे, आणि सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचलेले नाही असे तेच एक.

प्रथम थोडे शब्दांविषयी. मराठीत आपण मूत्रपिंड म्हणतो, संस्कृत ग्रंथ वृक्क म्हणतात, रायपूरच्या बाजारात गुर्दा म्हणतात, आणि घरात मात्र सर्वजण किडनीच म्हणतात. भाषांतराचे काम करणाऱ्यास याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. रोग्यास जो शब्द कळतो तो चांगला. खरी अडचण पुढे येते. मूत्रपिंड हा एकसंध गोळा नसून लाखो सूक्ष्म गाळण्यांचा समूह असतो. या प्रत्येक गाळणीच्या टोकाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो व त्यापुढे एक लांब वळणावळणाची नळी असते. तिला शास्त्रात नेफ्रॉन म्हणतात. आपण सोयीसाठी गाळणी हाच शब्द वापरू. मोठ्या माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांतील गाळण्या मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात, आणि त्यातील बहुतेक सारा पुन्हा रक्तात परत घेऊन दीड-दोन लिटर तेवढे मूत्र म्हणून बाहेर सोडतात. एवढी काटेकोर व्यवस्था कोणत्याही जलशुद्धीकरण केंद्रात पाहावयास मिळणार नाही.

आता गर्भाकडे वळू. मादी उंदीर सुमारे १९ ते २० दिवसांत प्रसूत होते. म्हणजे मनुष्यमातेचे नऊ महिने तिच्या बाबतीत तीन आठवड्यांहूनही कमी काळात उरकतात. अभ्यासकाच्या दृष्टीने हीच मोठी सोय. या वीस दिवसांत गर्भ एक मूत्रपिंड बनवत नाही, तर एकामागून एक तीन जोड्या बनवतो, आणि पहिल्या दोन मोडून टाकतो. पहिली मानेच्या बाजूला दिसते न दिसते तोच विरते. दुसरी तिच्या खाली, पाठीच्या मध्यभागी तयार होते. मासे आणि बेडूक यांचे काम जन्मभर या दुसऱ्या प्रकारच्या मूत्रपिंडावरच चालते. मनुष्याच्या गर्भात ते काही आठवडे थोडेफार काम करते. उंदराच्या गर्भात मात्र ते जवळजवळ बिनकामाचेच असते. तरीही निसर्ग ते टाकून देत नाही. नराच्या शरीरात त्याची नळी वीर्यवाहिनी म्हणून पुढे उपयोगी पडते. जुन्या वाड्याचे वासे नव्या घराला लावावेत तसा हा प्रकार आहे. तिसरी जोडी तयार होते ती कायमची.

ही तिसरी जोडी उंदराच्या गर्भात साडेदहाव्या-अकराव्या दिवशी सुरू होते. मनुष्यगर्भात तीच घटना पाचव्या आठवड्याच्या सुमारास घडते. त्या वेळी पुष्कळ मातांना आपण गर्भवती आहोत याची नुकतीच शंका येऊ लागलेली असते. गर्भाच्या मागील भागात एक नळी खाली उतरत आलेली असते. तिच्या टोकाजवळ एक लहानसा अंकुर फुटतो. हा मूत्रवाहिनीचा अंकुर. शेजारीच सैल पेशींचा एक पुंज वाट पाहत असतो. अंकुर त्या पुंजात शिरतो आणि दुभागतो, मग त्या दोन फांद्यांच्या चार होतात, चारांच्या आठ. प्रत्येक फांदीच्या टोकाभोवती पुंजातील पेशी गोळा होतात, त्यांची आधी गोळी, मग स्वल्पविरामासारखा आकार, मग इंग्रजी एस अक्षरासारखे वळण, आणि शेवटी एक पूर्ण गाळणी तयार होते. तिचे एक टोक रक्तवाहिन्यांच्या गुंत्याशी आणि दुसरे त्या फांदीशी जोडले जाते. अशा रीतीने वृक्षाला पाने फुटावीत तशा फांद्यांच्या टोकांना गाळण्या फुटत जातात.

येथे एक साधा पण खोल प्रश्न उभा राहतो. अंकुराला पुंजात शिरावयास कोण सांगते, आणि पुंजातील पेशींना गाळणी व्हावयास कोण शिकवते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा जो प्रयत्न क्लिफर्ड ग्रोबस्टाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५३ च्या सुमारास केला, तो मला जीवशास्त्रातील अत्यंत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. त्यात महागडे यंत्र काहीच नव्हते. त्याने अकरा दिवसांच्या उंदराच्या गर्भातून मूत्रपिंडाचा तो मोहरीएवढाही नसलेला ठिपका काढला, ट्रिप्सिन या पाचक द्रव्याने अंकुर आणि पुंज एकमेकांपासून सोडवले, आणि दोन्ही काचपात्रातील पोषक द्रवात वेगवेगळे ठेवले. अंकुराला फांद्या फुटल्या नाहीत. पुंजातून एकही गाळणी निपजली नाही. दोन्ही जिवंत होते, पण दोन्ही मुके. मग त्याने त्यांना पुन्हा एकत्र ठेवले, आणि काचेच्या त्या पात्रात, मातेच्या उदरापासून दूर, फांद्या आणि नळ्या पुन्हा घडू लागल्या.

टाळी एका हाताने वाजत नाही, हे आपण भांडणाच्या संदर्भात म्हणतो. ग्रोबस्टाइनने ते जडणघडणीच्या बाबतीत खरे करून दाखवले. एवढ्यावर न थांबता त्याने दोघांच्या मध्ये सूक्ष्म छिद्रांचा एक पातळ पडदा ठेवून पाहिला. पेशींना पलीकडे जाता येऊ नये, पण काही संदेश असल्यास तो जावा, हा हेतू. पडद्याआडूनही नळ्या तयार झाल्या. पुढे त्याने मूत्रवाहिनीच्या अंकुराऐवजी उंदराच्या गर्भातील पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा तुकडा ठेवला, आणि आश्चर्य असे की त्यानेही पुंजात नळ्या घडवल्या. म्हणजे गाळणी कशी व्हावयाचे ते ज्ञान पुंजातील पेशींजवळ आधीच होते. बाहेरून हवी होती ती केवळ हाक. फिनलंडमधील हेलसिंकी येथे लाउरी साक्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम पुढे कित्येक वर्षे चालवले. हाक सुमारे चोवीस तास ऐकू आली की पुरे, त्यानंतर हाक देणारा दूर केला तरी पुंजातील पेशी आपले काम पुरे करतात, असे त्यांना आढळले. पडद्याच्या छिद्रांतून पेशींचे अतिबारीक तंतू एकमेकांना जाऊन भिडतात, हेही त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसले.

आपल्याकडे त्याच सुमारास काचपात्रात जिवंत ऊती वाढवण्याची ही विद्या मुंबईत परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रुजत होती. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांवर कर्करोगाचा अभ्यास केला. त्यांचा विषय मूत्रपिंड नव्हता. तरी उंदराच्या शरीरातून माणसाचे प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याला परकी नाही, हे सांगावेसे वाटते.

हाक कोणत्या शब्दांत दिली जाते, हे कळावयास मात्र आणखी चाळीस वर्षे लागली. १९९६ साली नेचर या नियतकालिकाच्या एकाच अंकात तीन वेगवेगळ्या गटांचे लेख आले आणि तिघांचे म्हणणे एकच होते. पुंजातील पेशी जीडीएनएफ नावाचे एक प्रथिन सोडतात. अंकुराच्या पेशींवर ते झेलणारे रेट नावाचे दुसरे प्रथिन असते. ज्या उंदरांत जीडीएनएफ मुळीच बनत नव्हते त्यांची पिले बिनमूत्रपिंडाची जन्मली व फार जगली नाहीत. गंमत अशी की हे प्रथिन आधी मज्जापेशींचे पोषक म्हणून सापडले होते. ते मूत्रपिंड घडवत असेल अशी कोणास कल्पनाही नव्हती. यानंतर अशा संदेशांची यादी फार लांबली. ती येथे देऊन वाचकांना शिणवण्याचे कारण नाही.

मूत्रपिंडाखालच्या भागाचेही दोन शब्दांत सांगावयास हवे. अंकुराचा जो देठ उरतो तीच मूत्रवाहिनी. ती आरंभी मूत्राशयाला नव्हे, त्या जुन्या नळीला जोडलेली असते. मधला तुकडा झिजून नाहीसा होतो, आणि मूत्रवाहिनी सरकून मूत्राशयाच्या भिंतीत तिरकी शिरते. हा तिरकेपणा महत्त्वाचा असतो, कारण मूत्राशय भरला की भिंतीच्या दाबाने वाट आपोआप मिटते आणि मूत्र उलटे वर चढत नाही. अंकुर जरा वर किंवा जरा खाली फुटला तर ही जोडणी चुकते. लहान मुलांना वारंवार ताप व मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, त्यांतील काहींच्या बाबतीत मूळ येथे असते. म्हणून लहान मुलाला कारण न कळता पुनःपुन्हा ताप येत असल्यास मूत्राची तपासणी करून घ्यावी. दात येत असतील म्हणून सोडून देऊ नये.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा प्रपंच, तिच्याकडे येऊ. फांद्या फुटणे अनंत काळ चालत नाही. उंदरात गाळण्या बनण्याचे काम जन्मानंतर तीन-चार दिवस चालू राहते आणि मग थांबते. मनुष्यात ते जन्मापूर्वीच, गर्भाच्या ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास संपते. त्यानंतर मूल वाढते, मूत्रपिंड आकाराने मोठे होते, प्रत्येक गाळणीही मोठी होते; पण नवी गाळणी एकही बनत नाही. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते, यकृताचा तुकडा काढला तर ते पुन्हा वाढते. गाळणीच्या नळीला इजा झाली तर ती काही अंशी सावरते. परंतु समूळ गेलेली गाळणी परत येत नाही. प्रवासास निघणाऱ्याबरोबर शिदोरी बांधून द्यावी, आणि वाटेत कोठेही अन्नछत्र नसावे, अशी ही स्थिती आहे.

शिदोरी सर्वांना सारखी मिळते काय? मुळीच नाही. उंदराच्या एका मूत्रपिंडात साधारणपणे दहा ते सोळा हजार गाळण्या असतात. मनुष्याच्या एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात, असे पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाचे जॉन बर्ट्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतील मृत व्यक्तींच्या मूत्रपिंडांतील गाळण्या काळजीपूर्वक मोजल्या, तेव्हा हा आकडा सुमारे दोन लाखांपासून पंचवीस लाखांपलीकडेही जातो असे आढळले. म्हणजे एकाची शिदोरी दुसऱ्याच्या दहापट! अमेरिकेतील अशाच एका मोजणीत, जन्माच्या वेळचे वजन एक किलोने अधिक असल्यास प्रत्येक मूत्रपिंडामागे सुमारे अडीच लाख गाळण्या अधिक, असे प्रमाण आढळले. हा लेख २००३ साली प्रसिद्ध झाला.

गाळण्या कमी असल्याने बिघडते काय, असे कोणी विचारील. दोन मूत्रपिंडांपैकी एक दान करूनही माणसे उत्तम जगतात, हे आपण पाहतोच. हजार-दोन हजारांत एखादे मूल एकाच मूत्रपिंडासह जन्मते, आणि पुष्कळदा त्याचा पत्ता मोठेपणी सोनोग्राफीत योगायोगाने लागतो. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. परंतु बॉस्टनचे बॅरी ब्रेनर यांनी १९८८ मध्ये सहकाऱ्यांसह एक विचार मांडला: ज्याच्याजवळ गाळण्या कमी, त्याच्या प्रत्येक गाळणीवर भार जास्त, त्या फुगतात, झिजतात आणि रक्तदाब चढतो. त्या काळी हे केवळ अनुमान होते. उंदरांनी त्याला बळ दिले. ज्या उंदरांत जीडीएनएफचे एकच जनुक शाबूत होते त्यांना मूत्रपिंडे होती, पण त्यांत गाळण्या सुमारे तीस टक्क्यांनी कमी होत्या. हे उंदीर वरकरणी निरोगी वाढले. वय झाल्यावर मात्र त्यांच्या गाळण्या फुगलेल्या व रक्तदाब चढलेला आढळला. जर्मनीत अपघातात मरण पावलेल्या मध्यमवयीन व्यक्तींच्या मूत्रपिंडांची तपासणी झाली, तिचा वृत्तान्त २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दहा जणांना उच्च रक्तदाब होता त्यांच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे सात लाख गाळण्या होत्या, आणि ज्या दहा जणांना तो नव्हता त्यांच्यात चौदा लाखांहून अधिक. वीसच माणसे, हे खरे. पण फरक दुपटीचा.

मग गर्भात गाळण्या कमी कशाने पडतात? कारणे पुष्कळ आहेत. मातेचे कुपोषण, वारेतून होणारा अपुरा रक्तपुरवठा, आवाक्यात नसलेला मधुमेह, अकाली प्रसूती ही त्यांतील काही. मी येथे एकाच कारणावर अधिक थांबणार आहे, कारण ते आपल्या स्वयंपाकघराशी निगडित आहे. ते म्हणजे अ जीवनसत्त्व.

१९४८ साली विल्सन आणि वारकानी या दोन अमेरिकन संशोधकांनी अ जीवनसत्त्वाचा तीव्र अभाव असलेल्या माद्यांच्या पिलांत मूत्रमार्गाची व जननेंद्रियांची व्यंगे नोंदवली. त्यांचे प्राणी मोठ्या जातीचे उंदीर होते. इंग्रजीत ज्यांना माऊस व रॅट अशी दोन नावे आहेत, त्या दोहोंना आपण उंदीरच म्हणतो, आणि भाषांतरकाराची तेथे नेहमीच पंचाईत होते. पन्नास वर्षांनी पॅरिसच्या संशोधकांनी याच मोठ्या उंदरांवर अधिक बारीक प्रयोग केला. त्यांनी अभाव तीव्र न ठेवता सौम्य ठेवला, इतका की पिलांत बाहेरून कोणतेही व्यंग दिसू नये. पिले चांगली दिसत होती. गाळण्या मात्र सुमारे वीस टक्के कमी भरल्या. कारण पुढे छोट्या उंदरांतच उलगडले: अंकुराच्या टोकांवर रेट हे प्रथिन पुरेसे राहण्यास अ जीवनसत्त्वापासून बनणारे द्रव्य लागते. ते कमी पडले तर हाक दिली जाते, पण ऐकणाऱ्याचे कान मंद होतात.

यानंतर बंगळूर आणि कॅनडातील माँट्रियल येथील संशोधकांनी मिळून नवजात बालकांची मूत्रपिंडे सोनोग्राफीने मोजली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहानसाच होता. बंगळूरच्या निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तात अ जीवनसत्त्व कमी आढळले, आणि तेथील बालकांची मूत्रपिंडे, शरीराच्या आकारमानाचा हिशेब करूनही, माँट्रियलच्या बालकांहून लहान भरली. एवढ्यावरून निष्कर्षाची घाई करता येत नाही. पण उंदरात जे दिसले त्याच दिशेने बोट जाते, हे नाकारताही येत नाही.

पुण्याचा अनुभव याला पूरक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आहार आणि त्यांच्या मुलांची वाढ यांची नोंद ठेवली. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते. ज्या मातांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर असे त्यांची बाळे आकाराने मोठी जन्मली, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात दिसून आले. यात मूत्रपिंडांची मोजणी नव्हती. परंतु जन्मवजन आणि गाळण्या यांचे नाते वर सांगितलेच आहे.

येथे मला रायपूरच्या भाजीबाजाराची आठवण देण्याचा मोह आवरत नाही. छत्तीसगडइतक्या प्रकारच्या पालेभाज्या एका ताटात क्वचितच आढळतील. लाल भाजी, चेच भाजी, मुनग्याचा पाला, अशी कितीतरी नावे आहेत. मुनगा म्हणजे आपला शेवगा. नागपूरकडील मराठी घरांतही त्याला मुनगाच म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातून येथे आलेल्या घरांत शेंगा आवडीने आमटीत पडतात आणि पाला मात्र परका वाटतो. वस्तुतः शेंगेपेक्षा पाल्यातच ते पिवळे-नारिंगी रंगद्रव्य अधिक असते, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. ते तेलात विरघळणारे असल्याने भाजीला थोडी फोडणी हवीच. नुसती उकडलेली भाजी त्या दृष्टीने कमी उपयोगी. पिकलेला आंबा, पपई, गाजर, लाल भोपळा यांतही ते असते, आणि दूध व अंडी यांत जीवनसत्त्व तयार स्वरूपात मिळते.

मात्र एक इशारा येथेच द्यावयास हवा. भाजीतून मिळणाऱ्या द्रव्याचा अतिरेक होत नाही, कारण शरीर गरजेपुरतेच रूपांतर करते. अ जीवनसत्त्वाच्या जोरदार गोळ्यांचे तसे नाही. गर्भारपणाच्या आरंभी त्या अधिक प्रमाणात घेतल्यास गर्भाला व्यंग येऊ शकते. मुरुमांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनोइनसारखी औषधे तर या काळात पूर्णपणे वर्ज्य आहेत. रक्तदाबावरील एनालाप्रिल, लोसार्टन यांसारख्या गोळ्या गर्भाच्या मूत्रपिंडास अपाय करतात. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही या काळात टाळाव्या. ज्या स्त्रीला आधीपासून रक्तदाब आहे तिने औषध आपल्या मनाने बंद करू नये. मूल हवे असे ठरताच डॉक्टरांस सांगून बदलून घ्यावे.

आणखी एका गोष्टीने गर्भातील मूत्रपिंडाचे महत्त्व ध्यानात येईल. जन्मापूर्वी रक्तशुद्धीचे काम वार करते, मूत्रपिंड नव्हे. तरीही गर्भ मूत्र तयार करतो, आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धात ज्या पाण्यात तो तरंगतो त्याचा मोठा भाग त्याचे मूत्रच असते. शिकागोच्या डॉ. एडिथ पॉटर यांनी १९४६ मध्ये दोन्ही मूत्रपिंडांविना जन्मलेल्या बालकांचे वर्णन केले. ती गर्भात वाढली होती. पण भोवती पाणी नसल्याने त्यांची फुप्फुसे पुरेशी फुलली नव्हती, आणि जन्मानंतर श्वासानेच दगा दिला. म्हणूनच सोनोग्राफीत गर्भजल कमी असल्याचे सांगितले तर डॉक्टर गर्भाची मूत्रपिंडे पुन्हा निरखून पाहतात. मूत्रपिंडात किंचित सूज दिसणे हे त्यामानाने बरेच वेळा आढळते, आणि त्यांतील बहुतेक बालकांत ती पुढे आपोआप उतरते. जन्मानंतरची तपासणी तेवढी चुकवू नये.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे सांगणे मी विसरलेलो नाही. त्याच्या गाळण्या जन्मानंतरही काही दिवस बनतात, आपल्या बनत नाहीत. मात्र अपुऱ्या दिवसांच्या बालकात ते काम जन्मानंतर सुमारे चाळीस दिवसांपर्यंत चालू राहिल्याचे आढळले आहे. अशा बालकाचे अतिदक्षता विभागातील दिवस मूत्रपिंडाच्या दृष्टीनेही किती मोलाचे असतात, हे यावरून दिसते. आणि या साऱ्या माहितीचा उपयोग कोणी सासरच्या मंडळींनी सुनेला बोल लावण्यासाठी करू नये. तिच्या ताटात काय वाढले जाते, ती किती उशिरा जेवते, शेतातले रोवणीचे काम आठव्या महिन्यापर्यंत कोण करते, हे ठरवणारी ती एकटी नसते.

ज्यांचे जन्मवजन अडीच किलोहून कमी होते किंवा जे अपुऱ्या दिवसांचे जन्मले, त्यांनी मोठेपणी वर्षातून एकदा रक्तदाब मोजावा, आणि मूत्रात प्रथिन जाते का हे तपासून घ्यावे. दोन्ही तपासण्या सोप्या आहेत. अडचण बहुधा अशी येते की आपले जन्मवजन किती होते हे कोणालाच ठाऊक नसते. हल्ली प्रत्येक मातेला जे माता व बाल संरक्षण कार्ड मिळते त्यात लसींच्या तारखांबरोबर बाळाचे वजनही लिहिलेले असते. लसी संपल्या की ते कार्ड बहुतेक घरांतून नाहीसे होते. ते मुलाच्या शाळेच्या दाखल्यांबरोबर ठेवावे. हरवले असल्यास ज्या रुग्णालयात जन्म झाला तेथील प्रसूतीच्या नोंदवहीत तो आकडा पुष्कळदा सापडतो. जाऊन विचारण्यास संकोच करू नये.